सिस्टर, तुम्हाला काय दिसलं?

बेंगळुरू

मालिकेतल्या सिस्टर,


तुम्हाला नावानं हाक मारून पत्र सुरू करायचं होतं, पण बहुतेक मालिकांत तुम्हाला नाव दिलेलं नसतं. सगळे तुम्हाला नुसतं 'सिस्टर' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

मी मूळची बेळगावची. बेंगळुरूत नर्सिंग शिकवते. देशात सर्वांत जास्त नर्सिंग कॉलेजं असलेल्या राज्यांमध्ये कर्नाटक येतं, आणि त्यातली बरीचशी याच शहरात आहेत. केरळपासून ईशान्य भारतापर्यंतची मुलंमुली इथे शिकायला येतात. १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन ती पुढे दिल्लीला, आखातात, इंग्लंड-कॅनडाला जातात. या मुलांपैकी कित्येकांच्या घरात याआधी कुणी नर्स नव्हतं. नर्स म्हणजे काय हे त्यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांना, टीव्हीवर तुमच्याकडे बघूनच कळलेलं असतं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्यावर माझा राग नाही. जे लिहून दिलं ते तुम्ही निभावलंत. पण लिहून काय दिलं जातं, ते एकदा स्पष्ट बोलायला हवं. २००२ ची 'संजीवनी' घ्या, २००७ ची 'दिल मिल गये' घ्या. नायक डॉक्टर, नायिका डॉक्टर, खलनायकही बहुधा डॉक्टरच. तुम्ही ट्रे घेऊन मागे उभ्या. पेशंट शुद्धीवर आला की धावत जाऊन सांगायचं, ऑपरेशनच्या वेळी कपाळावरचा घाम टिपायचा, कुणी गेलं की डोळ्यांना रुमाल लावायचा. सलाइन लावणं, औषध देणं, रात्रभर उशाशी बसून राहणं ही तुमची कामं मात्र डॉक्टर नायक-नायिका करतात, कारण प्रेक्षकांचा जीव त्यांच्यावर जडायला हवा असतो. परदेशी मालिकांतही हेच. 'ग्रेज ॲनाटॉमी' बघितलीत तर पेशंटच्या खाटेपाशी चोवीस तास सर्जनच राबतात असं वाटेल.

तुमची माया पडद्यावर दिसते. कधी तुमचं रूप दिसतं, कधी तुमची मल्याळी वळणाची हिंदी हशा मिळवते. दिसत नाही ती तुमची नजर, आणि त्या नजरेतून आलेला निर्णय. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

वर्गात मी एक उदाहरण देते. पोटाचं ऑपरेशन होऊन आलेला साठ किलो वजनाचा पेशंट. रात्रीचे दोन वाजलेत. बीपी ११०/७०, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण अकरा वाजता ८८ असलेली नाडी एक वाजता १०४ होती, आता ११८ आहे. लघवीच्या पिशवीत तासाला निदान तीस मिलिलिटर यायला हवी, तिथे दोन तासांत मिळून वीस जमलीय. पाय गार लागतात. तो सारखा पाणी मागतोय, ऑक्सिजनचा मास्क ओढतोय आणि का ते सांगता येत नाही. नातेवाइकांना वाटतं, झोप येत नाहीये. नाइट ड्युटीच्या सिस्टरला मात्र कळतं की पोटात कुठेतरी रक्तस्राव होतोय. कारण शरीर बराच वेळ बीपी सांभाळून धरतं. जवळपास तीस टक्के रक्त जाईपर्यंत ते टिकून राहू शकतं, आणि एकदा कोसळलं की हाताशी वेळ थोडा उरतो.

आता ती फोन उचलते. पेशंट कोण, काय झालंय, तिला कशाची शंका आहे आणि डॉक्टरांनी काय करावं, हे चार वाक्यांत सांगते. शेवटचं वाक्य सगळ्यात कठीण: "तुम्ही आत्ता येऊन बघा." झोपमोड झालेले निवासी डॉक्टर म्हणतात, बीपी ठीक आहे ना, तासाभरानं कळवा. ती ऐकत नाही. पुन्हा फोन करते, तरी हललं नाही तर वरच्यांना करते. पेशंटचा जीव वाचतो तो या दुसऱ्या फोनमुळे. सिस्टर, याच्याहून नाट्यमय प्रसंग कुठल्या लेखकाला हवा आहे? यात संघर्ष आहे, घड्याळाचे काटे आहेत, अधिकाराची उतरंड आहे, माणसाचा जीव आहे. तरी हा प्रसंग तुमच्या वाट्याला येत नाही.

उलट काय येतं? मॉनिटरवरची रेघ सरळ होते, डॉक्टर धावत येतात, शॉक देतात आणि पेशंट परततो. सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असतं. तिथे छाती दाबावी लागते: मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. आणि वॉर्डात हे सुरू करणारे पहिले हात बहुतेक वेळा नर्सचे असतात, कारण त्या क्षणी खाटेपाशी तीच असते.

आणखी एक गोष्ट मला लागते. पडद्यावरची नर्स हुशार निघाली की तिला डॉक्टर व्हायला सांगतात. अमेरिकेतल्या 'ईआर' मालिकेत कॅरल हॅथवे ही नर्स मेडिकलची प्रवेश परीक्षा देते, चांगले गुण मिळवते आणि तरीही नर्सच राहायचं ठरवते. तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पण त्याच मालिकेत पुढे ॲबी लॉकहार्ट नर्सिंग सोडून डॉक्टर होते आणि ती तिची प्रगती ठरते. माझ्या विद्यार्थिनींना लग्नाच्या बोलणीतही हेच ऐकावं लागतं: एवढी हुशार होतीस तर एमबीबीएस का नाही केलंस? बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं हा वेगळ्या विद्येचा अभ्यास आहे, डॉक्टर न होता आल्याची भरपाई नव्हे, हे सांगणारा एकही संवाद तुम्हाला मिळत नाही.

जुन्या चित्रपटांनीही तुम्हाला प्रेमातच अडकवलं. 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये नर्स डॉक्टरांवर प्रेम करते. 'खामोशी'त वहिदा रेहमान यांच्या राधाला रुग्ण बरा व्हावा म्हणून प्रेमाचं नाटक करावं लागतं आणि त्यात तिचंच मन कोलमडतं. त्यांचा अभिनय आजही काळजाला भिडतो. पण या शहरात निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. १९७४ पासून ती या नावानं ओळखली जाते आणि तिथे मनोरुग्णांच्या शुश्रूषेचं खास शिक्षण दिलं जातं. ते शिक्षण प्रेमाच्या नाटकाच्या नेमकं उलट आहे. रुग्णाच्या जवळ राहायचं, पण नात्याची मर्यादा सांभाळायची. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार मनात येतो का, हे न घाबरता थेट विचारायचं. चिडलेल्या माणसाला शब्दांनी शांत करायचं. हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं.

बेंगळुरूतली नर्स पडद्यावर आली ती मल्याळम चित्रपटात. २०१२ च्या '२२ फिमेल कोट्टयम'ची टेसा इथेच नोकरी करते आणि कॅनडाला जायचं स्वप्न बघते. गोष्ट सुडाची आहे, पण घर सोडून आलेल्या मुलीचं इथलं आयुष्य आणि परदेशी जायची तिची धडपड लेखकाला ठाऊक होती, हे जाणवतं. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितला ४६ भारतीय नर्सेस अडकल्या. त्यावर २०१७ मध्ये दोन चित्रपट आले. 'टेक ऑफ'मध्ये गोष्ट नर्सची आहे. 'टायगर जिंदा है'मध्ये नर्सेस ओलीस आहेत आणि गोष्ट त्यांना सोडवणाऱ्याची. घटना तीच, फरक कॅमेरा कुणाजवळ उभा केला याचा.

मुंबईचं उदाहरण तर अजून जवळचं. २०२१ मध्ये 'मुंबई डायरीज २६/११' आली. त्यात हेड नर्स चेरियन आहेत, बालाजी गौरी यांनी त्या ताकदीनं उभ्या केल्या आहेत. तरी मालिकेचा नायक सर्जनच. प्रत्यक्षात २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. अतिरेकी आवारात शिरल्याचं दिसताच त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला लेबर रूमपर्यंत नेलं. पुढे त्यांनी हल्लेखोर कसाबला ओळखलं, त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला त्या रात्रीची हकीकत सांगितली. कुणाच्या हुकमाची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता. कुणाला आधी हलवायचं, कुठे ठेवायचं, कुणाला घेऊन बाहेर पडायचा धोका पत्करायचा, हे सगळं त्यांनी ठरवलं. अशा नर्सला केंद्रस्थानी ठेवणारी आपल्याकडची मालिका माझ्या पाहण्यात आली नाही, याची खंत आहे.

तुम्ही म्हणाल, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायला हवं, कारण तिचा परिणाम वॉर्डात दिसतो. सिस्टर औषधाची माहिती द्यायला लागली की नातेवाईक म्हणतात, डॉक्टरांनाच बोलवा. रात्री आवाज चढवायचा तो तिच्यावर, हात उगारायचा तोही तिच्यावर. पगाराचीही तीच कथा. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये नेमलेल्या समितीनं लहानात लहान रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली, तरी सगळीकडे ते मिळत नाहीत. जिचं काम कुणाला दिसलेलंच नाही, तिच्या पगारासाठी कोण भांडणार?

आणि याची किंमत रुग्ण मोजतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्सवर एक पेशंट जास्त टाकला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. पोटातला रक्तस्राव ओळखणारी ती नजर चार खाटांवर फिरते, तेव्हा नाडीतला बदल टिपते. बारा खाटांवर फिरताना ती थकते.

बदल अशक्य नाही. बीबीसीची 'कॉल द मिडवाइफ' २०१२ पासून सुईणी आणि परिचारिकांच्या गोष्टीवर चालली आहे. २०२५ च्या 'द पिट' या अमेरिकी मालिकेत आपत्कालीन विभागाच्या चार्ज नर्स डेना इव्हान्स सगळं कामकाज चालवतात, एक पेशंट त्यांना ठोसा मारतो तेही मालिका लपवत नाही, आणि त्या भूमिकेसाठी कॅथरिन लानासा यांना एमी पुरस्कार मिळाला. मालिका त्यामुळे कंटाळवाणी झाली नाही.

म्हणून सिस्टर, पुढच्या मालिकेसाठी बोलावणं आलं की लेखकाकडे काही प्रसंग मागून घ्या. चुकीची वाटलेली ऑर्डर पुन्हा विचारल्याशिवाय इंजेक्शन न देणारी नर्स मागा. ड्युटी बदलताना पलंगांमधून फिरत एकेका पेशंटचा हँडओव्हर देणारी नर्स मागा. पुरुष नर्सही मागा. माझ्या वर्गात ते आहेत, पडद्यावर नाहीत. लेखकाला एक रात्र एखाद्या वॉर्डात, परवानगी घेऊन, सिस्टरच्या मागे फिरायला सांगा.

आणि सकाळच्या राउंडचं दृश्य असेल, तर मोठ्या डॉक्टरांनी केसपेपर हातात घेण्याआधी तुमच्याकडे वळून विचारावं, "सिस्टर, रात्रभर तुम्हाला काय दिसलं?" उत्तर पूर्ण द्या, मध्ये संगीत वाजू देऊ नका. ते उत्तर ज्यानं टीव्हीवर ऐकलं असेल, तो आपल्या माणसाच्या उशाशी बसलेला असताना खऱ्या सिस्टरचंही ऐकून घेईल. आमच्या मुलामुलींना तुमच्याकडून एवढं हवं आहे, आणि ते मागायचा त्यांना हक्क आहे.

तुमचीच,
बेंगळुरूतली एक नर्सिंग शिक्षिका