भयाचा उत्सव आणि त्याचें मोल

मनुष्यास भय नकोसें असतें, हें विधान अर्धेंच खरें आहे. रात्रीं एकट्यानें माळावरून येतांना जें भय वाटतें तें कोणासच नको असतें. परंतु आजी वेताळाची गोष्ट सांगूं लागली कीं मुलें पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात, आणि ती मध्येंच थांबली तर ‘पुढें काय झालें?’ असें तींच मुलें पांघरुणांतून विचारतात. जत्रेंत ‘मौत का कुआ’च्या कठड्याशीं पैसे देऊन उभे राहणारे प्रौढ गृहस्थही याच जातीचे. आपल्या पूर्वसूरींनीं हें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकाची गणना आहे. भय हा त्याचा स्थायी भाव. पण भाव निराळा आणि रस निराळा. ज्याच्या अंगावर वाघ खरोखरीच धांवून येतो त्याच्या वाट्यास भाव येतो. तोच प्रसंग जो रंगभूमीवर पाहतो त्यास रस मिळतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

भयाचे वार्षिक उत्सव जगांत ठिकठिकाणीं भरतात, आणि त्यांत कांहीं फेरफार झाला कीं रसिकांत वाद माजतो, हेंही सर्वत्र सारखेंच. आमची एक पुतणी कॅलिफोर्नियांत असते. तिकडे ऑक्टोबरच्या अखेरीस हॅलोवीन नांवाचा भुताखेतांचा सण येतो. त्या निमित्तानें नॉट्स बेरी फार्म नांवाच्या क्रीडोद्यानांत १९७३ पासून भुतांची एक जत्रा भरत आली आहे: अंधाऱ्या वाटा, धूर, मुखवटे, आणि कोपऱ्यांतून अवचित अंगावर येणारे सोंगाडे. एखादी जुनी वाट मोडून नवी केली, कीं तेथील जुने रसिक ‘पूर्वीची मजा गेली’ म्हणून हळहळतात, असें पुतणी सांगते. २०१६ सालीं तेथें मनोरुग्णालयाच्या कल्पनेवर रचलेला एक खेळ निघाला. मनोरुग्णांच्या हितासाठीं झटणाऱ्या मंडळींनीं हरकत घेतली, कीं आजारी माणसास बागुलबुवा करणें हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि चालकांनीं तो खेळ थोडक्याच दिवसांत बंद केला. कित्येक रसिकांस तें रुचलें नाहीं. ‘हा तर केवळ खेळ!’ असें त्यांचें म्हणणें. आम्हांस या वादाच्या पोटांत एक जुनाच प्रश्न दिसतो: भयाची मौज एकानें लुटावी आणि तिचें मोल दुसऱ्यानें द्यावें, हें कितपत न्याय्य?

हा प्रश्न परका नाहीं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आम्हीं अध्यापनांत तीस वर्षें घालविलीं, आणि तेथील जत्रा-उत्सवांत तो आम्हांस वारंवार भेटला.

प्रथम सांगलीचेंच उदाहरण घेऊं. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढें ‘सीतास्वयंवर’ करून दाखविलें, हें आतां शाळेंतील मुलांसही पाठ असतें. त्या परंपरेंतील राक्षसांची कीर्ति मात्र मागें पडली. तोंडें रंगविलेले, तलवारी परजणारे हे राक्षस ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकीत राळेच्या भडक्यांत प्रवेश करीत, आणि प्रेक्षकांची त्रेधा उडे. पुढें इंग्रजी शिकलेल्या पिढीस हा धांगडधिंगा ग्राम्य वाटूं लागला. १८८० सालीं किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, लोकांस गायनाची गोडी लागली, आणि राक्षस हळूहळू रंगभूमीवरून निघून गेले. हा फेरफार केवळ अभिरुचीचा होता. राक्षस राहिला असता तरी कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें; भिवविण्याचे सारे श्रम त्या नटाचेच होते, आणि खेळ संपल्यावर रंग धुऊन तोही इतरांच्या पंगतीस बसत असे. अशा बाबतींत ज्यास जुनें आवडेल त्यानें जुनें आवडून घ्यावें, नवें आवडेल त्यानें नवें. तंटा करण्याचें कारण नाहीं.

साताऱ्याचें उदाहरण याहून कठीण आहे. वाईजवळच्या बावधन गांवीं रंगपंचमीस भैरवनाथाचें बगाड निघतें. बैलांच्या जोड्या प्रचंड लांकडी गाडा शेतांतून ओढीत आणतात, आणि उंच आडव्या लांकडास बांधलेला नवसाचा मनुष्य आकाशांत लोंबत असतो. पाहणाराच्या छातींत धस्स होतें. बगाडाच्या प्रथेंत पूर्वीं कित्येक ठिकाणीं नवसकऱ्याच्या पाठींत लोखंडी गळ टोचून त्यास टांगीत असत. इंग्रजी अमदानींत, एकोणिसाव्या शतकांत, सरकारनें गळ टोचण्यास बंदी केली, आणि गळाच्या जागीं दोर आला. तेव्हां ‘गळ गेला तर देव कोपेल’ असें वाटणारे भाविक थोडे नसतील. परंतु आज पाहावें तों काय दिसतें? गाडा तोच, उंची तीच, छातींत होणारें धस्सही तेंच. गेली ती फक्त जखम. अर्थात् गळ हा त्या उत्सवाचा प्राण नव्हताच. तो प्राण आहे असें लोक समजत होते, इतकेंच.

आतां ज्या प्रकरणासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली त्याकडे वळूं. सांगली जिल्ह्यांतील शिराळें, ज्यास लोक बत्तीस शिराळा म्हणतात, तेथील नागपंचमी साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. आख्यायिका अशी, कीं गोरक्षनाथ भिक्षेस आले असतां घरची बाई मातीच्या नागाची पूजा करण्यांत गुंतली होती. ‘जिवंत नाग आला तर त्याची पूजा करशील काय?’ असें नाथांनीं विचारलें, आणि तेव्हांपासून तेथें जिवंत नाग पूजिला जाऊं लागला. पंचमीपूर्वीं कित्येक दिवस तरुणांच्या टोळ्या रानोमाळ हिंडून नाग धरीत, ते मडक्यांत ठेवीत, आणि पंचमीस अंबामातेचें दर्शन घेऊन त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढीत. कोणाच्या नागाची फणा अधिक उंच, कोणाचा नाग अधिक लांब, याच्या चढाओढी लागत. आम्हीं तो सोहळा १९८० नंतरच्या दशकांत डोळ्यांनीं पाहिला आहे. दहा-बारा वर्षांचा पोरगा हातभर अंतरावर डोलणाऱ्या फणेसमोर निर्भयपणें बसलेला पाहून अंगावर कांटा आला, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्यांनीं तें पाहिलें ते विसरणें शक्य नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग धरणें व खेळविणें निषिद्ध ठरविलें. पुढें प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें, आणि न्यायालयाच्या आदेशांनीं जिवंत नागांचे खेळ, चढाओढी व मिरवणूक बंद झाल्या; २०१४ नंतर तर बंदोबस्त फारच कडक झाला. आतां पूजा होते ती मातीच्या व धातूच्या प्रतिमांची. या फेरफारासंबंधीं शिराळ्यांत व भोंवतालच्या गांवांत आम्हीं जीं मतें ऐकलीं, तीं संक्षेपानें देतों.

वृद्धांचें म्हणणें असें, कीं आम्ही नागाचे दांत पाडीत नव्हतों, त्यास मारीत नव्हतों. जेथून आणला तेथेंच सोडीत होतों. इतर गांवांत साप दिसला कीं काठी उचलतात. आमच्या गांवांत हात जोडतात. हें प्रेम कायद्यानें मारलें. दुकानदार म्हणतात, कीं पूर्वीं परदेशचे लोक येत, चार दिवसांत हंगाम साधे. आतां ती गर्दी राहिली नाहीं. तरुण म्हणतात, कीं बापानें शिकविलेली विद्या आमच्या हातांत गंजत चालली. निसर्गप्रेमी मंडळी म्हणतात, कीं झालें तें फार उशिरां झालें.

वृद्धांचें बोलणें आम्हांस पोकळ वाटत नाहीं. सापास न मारणारें गांव ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि ती सांभाळलीच पाहिजे. परंतु त्यांच्या युक्तिवादांत एक साक्षीदार तपासलाच गेला नाहीं, तो नाग. लोक समजत, कीं नाग वाद्यांच्या नादानें डोलतो. त्यास बाहेरचे कानच नाहींत; तो डोळ्यांपुढें हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून हलतो, आणि जमिनीचा कंप मात्र त्याच्या हाडांपर्यंत पोंचतो. दूध हा त्याचा आहार नव्हे. आणि फणा? फणा हें प्रसन्नतेचें चिन्ह नव्हे, तें संकट ओळखल्याचें चिन्ह आहे. ‘जवळ येऊं नको’, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे ज्याची फणा सर्वांत उंच व सर्वांत वेळ टिकली त्यास बक्षीस देतांना आपण वस्तुतः कोणता नाग सर्वांत अधिक घाबरला हें मोजीत होतों! आरंभीं सांगितलेला भेद येथें लावून पाहावा. त्या सबंध मेळ्यांत हजारों लोकांस भयानक रस मिळत होता. भय हा भाव मात्र एकट्या नागाच्याच वाट्यास आला होता. नट रंग धुऊन पंगतीस बसतो, बगाड्या स्वतः नवस बोलून वर चढतो. नागानें कोणता नवस बोलला होता?

शिवाय ज्या व्रताच्या नांवानें हें सर्व चालत होतें, त्या व्रताची आज्ञा काय आहे? नांगराच्या फाळानें नागाचीं पिलें मेल्याची कहाणी आपल्या घरांतील प्रत्येक सुवासिनीस ठाऊक आहे. म्हणूनच त्या दिवशीं जमीन खणीत नाहींत, विळीवर चिरीत नाहींत, तवा चढवीत नाहींत. दिंडें उकडून नैवेद्य दाखवितात. नकळतही नागास इजा होऊं नये, हा त्या नियमांचा आत्मा. जी गृहिणी त्या दिवशीं भाजीचें देंठसुद्धां चिरीत नाहीं, तिच्यापुढें चार दिवस मडक्यांत कोंडलेला नाग पूजेसाठीं आणून ठेवणें हें व्रताशीं सुसंगत कसें म्हणावें? तेव्हां बंदीनें व्रत मोडलें असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या मतें तें कित्येक वर्षांनीं पुनः मूळपदावर आलें.

मात्र येथेंच थांबलें तर तो न्याय अपुरा राहील. २०२५ सालीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें शिराळ्यांतील २१ जणांस नागपंचमीच्या सुमारास नाग धरण्याची परवानगी दिली. हेतु शिक्षणाचा व पारंपरिक ज्ञानाच्या जतनाचा सांगितला, आणि खेळ व चढाओढींस मज्जाव कायम ठेवला. जुन्या रसिकांनीं यास विजय मानला, आणि विरोधकांस ती मागच्या दारानें उघडलेली वाट वाटली. आमचें मत असें, कीं शब्द चांगला आहे. तो खरा करून दाखविण्याचा भार आतां शिराळेकरांवर आहे. शिक्षण म्हणजे माळा घातलेला नाग मांडवांत ठेवणें नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मेलीं, म्हणजे सरासरीनें दरसाल ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि त्यांत फार मोठा भरणा खेड्यांतील शेतकऱ्यांचा. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांतील भेद ओळखणें, दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न नेतां, चिरा न पाडतां, रोग्यास हालूं न देतां तत्काळ रुग्णालय गांठणें, घरांत शिरलेला साप न मारतां रानांत सोडणें, ही विद्या शिराळ्याच्या तरुणांइतकी कोण शिकवूं शकेल? जो हात पूर्वीं मिरवणुकींत फणा नाचवीत होता, तोच पंचक्रोशींतील शाळांतून फिरला, तर गांवाचा लौकिक कमी न होतां वाढेल, आणि वृद्धांस ज्या प्रेमाची काळजी वाटते तेंही टिकेल.

परंपरेंतील फेरफारासंबंधीं आम्ही एकच कसोटी सुचवितों. पाहणाराची मजा कमी झाली किंवा वाढली, एवढ्यावरून निकाल देऊं नये. मौजेचें मोल कोण देतो, आणि तें त्यानें स्वखुशीनें दिलें काय, हें आधीं पाहावें. मोल देणारा राजी असेल तर जुन्या खेळासाठीं रसिकांनीं खुशाल भांडावें. तो राजी नसेल, किंवा त्यास बोलतांच येत नसेल, तर त्याच्या वतीनें बोलणें हें रसिकाचेंच कर्तव्य आहे. येत्या श्रावणांत पाटावर चंदनाचा नाग काढतांना घरांतील मुलें ‘खरा नाग कां नाहीं?’ असें विचारतील. त्यांस एवढेंच सांगावें, कीं खरा नाग आज आपल्या घरीं, म्हणजे वारुळांत, सुखरूप आहे, आणि त्यास तेथें निवांत राहूं देणें हीच आपली पूजा.