सारायेव्होतली निवांत कॉफी

सारायेव्होच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारात आज बटाट्याचं सारण भरलेली क्रोम्पिरुशा खाल्ली, सोबत दही. शाकाहाऱ्याने इथे बुरेक मागू नये, त्यात मांसच असतं.

मग कॉफी. जेझ्वा या तांब्याच्या भांड्यात फेस येईपर्यंत उकळलेली. बिनकानाच्या इवल्या कपात ओतायची, साखरेचा खडा किंचित बुडवून दातांत धरायचा आणि घोट घ्यायचा. गाळ तळाशी राहू द्यायचा.

जवळच्या कझान्जिलुक गल्लीत तांबटांची ठोकाठोक चालू होती. नाशिकचा भांडी बाजार आठवला. आम्ही नाशिक रोडकर स्टेशनवरचा चहा गाडीकडे डोळे लावून संपवणारे. इथे एका जेझ्व्यावर तासभर गप्पा रंगतात, कुणी उठवत नाही. कॉफीचा कडवटपणा अजून पचलेला नाही, बैठक मात्र मनापासून आवडली.