दंडावरच्या दोन फिती

पणजोबांची तसबीर महाडहून नेरूळला आली ती आत्याच्या जुन्या साडीत गुंडाळून. कागद काचेला दोन ठिकाणी चिकटलाय. सोडवायचा नाही असं ठरवलं, ओढला तर चेहरा काचेवरच राहील. काचेसकट खिडकीशी तिरपी धरली, मोबाइलवर फोटो काढला आणि बोटांनी मोठा करत बसलो. इथली खाडीची हवा दमट, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर ती टांगणार नाही.

*

घरात सगळे त्यांना ‘सुभेदार’ म्हणतात. आजोबा म्हणायचे, लग्नपत्रिकांतही तसंच छापलं. फोटोत मात्र दंडावर दोन फिती आहेत. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. सुभेदाराच्या खुणा खांद्यावर असतात, दंडावर नाही.

आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, गावात सगळे सुभेदारच म्हणायचे रे त्यांना.”

खोटं कुणीच बोललं नसेल. पुढे बढती मिळालीही असेल, फोटो त्या एका दिवसापुरतंच सांगतो. पण पत्रिकेत यापुढे जे दिसतं तेच छापू, असं मी तिला सांगितलं.

*

खांद्याच्या पट्टीवर बारीक पितळी आकडा आहे. तीनदा पाहिला, ११७ च.

हा आकडा लाख मोलाचा. १९२२ साली फौजेची फेररचना झाली तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी एकाच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या आणि तीन आकडी नंबर संपले. म्हणजे फोटो १९२२ च्या आधीचा. शिवाय पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, घोडे कापावे लागले, शेवटी शरणागती आणि मग तुर्कांची कैद. आमच्याकडे एवढंच सांगत, ‘ते बसऱ्याला होते’. त्या एका शब्दात काय काय मावलं असेल, ते आज कळतंय.

*

काही आकडे आणखी नेमके बोलतात. खांद्यावर १११ दिसला तर ती महार पलटण. १९१७ साली उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. फोटोचा काळ चार वर्षांत येतो. त्याआधी, १८९० च्या दशकात, महारांची भरतीच बंद केली होती. त्या काळातला गणवेशातला फोटो कुणाच्या घरी सापडत नसेल, तर त्याचं कारण हे. बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ साली.

*

रंगांवर विश्वास ठेवू नये. त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर घेत, आणि बऱ्याच प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा उमटे आणि निळा फिकट. पदकाच्या फितीचा रंग फोटोवरून ठरवायला गेलो तर फसणार. पदक उजव्या छातीवर दिसलं तर प्रत उलटी छापलेली असू शकते. सदऱ्याची गुंडी कुठल्या बाजूला बसते ते पाहावं.

आणि खाकी दिसली की शिपाईगडी, असंही नाही. रेल्वे, जंगलखातं, पोलीस, सगळ्यांनाच गणवेश होता.

*

पदक आत्याकडे आहे. पहिल्या महायुद्धाचं, चांदीचं. अशा पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. पण घरच्या बायकांनी दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून ते घासलं. शंभर वर्षं! मायेनंच. कड बोटाखाली गुळगुळीत लागते. भिंगाखाली नावाची दोन अक्षरं दिसली आणि शेवटी ११७. नाव गेलं, आकडा उरला.

*

नाईक हा हुद्दा कमी वाटला म्हणून पणजोबा सुभेदार झाले असतील का? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे नाईकच होते. १० जुलै १९४४, इटली, टायबरचं खोरं. सगळे सोबती पडल्यावर त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चाल केली, तो काबीज केला आणि तिथेच प्राण सोडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. गेले तेव्हा वय होतं अवघं बावीस. त्यांची पलटण, ३/५, म्हणजे आधीची ११० वी.

आत्याला हे सांगितलं. म्हणाली, “मग नाईकच लिही.”

*

तुमच्या घरी असा फोटो असेल तर आज रात्रीच घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. ते सांगतील ते मागच्या कोऱ्या जागेवर मऊ पेन्सिलीनं लिहा, पेननं नको. आणि पदक कृपा करून घासू नका.