मोटारीची टिकटिक

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही मोटार घेतली. नवी नव्हे, नव्या मोटारी आम्ही दुकानाच्या काचेबाहेरूनच पाहतो. ही दोन मालकांच्या हातून आलेली, अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी आणि विक्रेत्याच्या मते मोतिया रंगाची होती. आईचे गुडघे तिला आता स्कूटरवर बसू देत नाहीत, आणि गोत्रीहून दवाखान्यात जावयाचे तर दर खेपेस रिक्षा शोधावी लागे. म्हणून चार वर्षांची शिल्लक आम्ही त्या मोतिया रंगात ओतली.

मोटार पाहावयास गेलो त्या दुपारी ती एका झटक्यात सुरू झाली, आणि तिचा आवाज एखाद्या सुशील विद्यार्थ्यासारखा होता. बॉनेटवर हात ठेवला तेव्हा तो कोमट लागला. ‘उन्हामुळे असेल,’ अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. मोटार सावलीत उभी होती हे घरी आल्यावर आठवले. इंजिन आधीच तापवून ठेवले की त्याची पुष्कळशी दुखणी मुकी होतात, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. कलाशाखेच्या पदवीत हा विषय येत नाही.

डिसेंबर उजाडला. गोत्रीत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरू लागला. एके दिवशी सकाळच्या शाळेसाठी निघताना किल्ली फिरवली, तो इंजिनाच्या माथ्यातून मोठ्याने टिकटिक सुरू झाली. चार-पाच सेकंदांत ती थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई खिडकीतून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, ती खोंकता मरे!” आमच्या कोकणीत खोकण्याला खोंकप म्हणतात, आणि आईच्या मते खोकला ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नव्हे.

आम्ही एका गॅरेजात गेलो. तेथे पोहोचेपर्यंत मोटार तापली आणि टिकटिक नाहीशी झाली. घंटा होताच ज्यांची पोटदुखी पळते असे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मोटारही त्यांतलीच निघाली. आम्ही आवाजाचे वर्णन केले, “काहीतरी खडखड होते.” त्यावर तेथील गृहस्थांनी मान हलवून सांगितले की इंजिन खोलावे लागेल, पस्तीस हजार धरून चाला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मोटार पडत्या भावात विकावी आणि आईला पुन्हा रिक्षात चढवावे, येथवर विचार गेला.

त्याच आठवड्यात आम्ही नववीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासीत होतो. प्रश्न ध्वनिदर्शक शब्दांचा होता. पानांची सळसळ, विमानाची घरघर, डासांची भुणभुण, हे सर्वांना पाठ असते. मोटारीपुढील रिकाम्या जागेत एका मुलाने ‘टिकटिक’ लिहिले होते. आम्ही लाल शाईने ते खोडून ‘टिकटिक घड्याळाची’ असा शेरा मारला आणि गुण कापला. उत्तरपत्रिका मिळाल्यावर तो मुलगा शेवटच्या बाकावरून उठला आणि भीतभीत म्हणाला, “सर, थंड मोटार टिकटिक करते. तेल वर चढेपर्यंत.”

वर्ग हसला. आम्ही मात्र खडू हातात धरून तसेच उभे राहिलो.

त्याचे वडील गोत्रीतच एका गल्लीत मोटारदुरुस्तीचे काम करतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढून कारागिरीच्या शिक्षणाची सोय केली, हे आम्ही प्रत्येक वर्षी मोठ्या अभिमानाने शिकवितो. आपल्या वर्गातल्या एका कारागिराच्या मुलास त्याचे ज्ञान विचारावे, हे मात्र आम्हांस कधी सुचले नव्हते.

त्या सद्गृहस्थांनी एकच अट घातली. “सर, गाडी थंडी पाहिजे. रात्रभर इथेच राहू द्या, सकाळी तुमच्यासमोर चालू करू.” दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही शाल गुंडाळून हजर झालो. मुलगाही आला होता. वडील म्हणाले, “सर, इंजिनाकडे नंतर बघा. आधी तेलाच्या लाल दिव्याकडे बघा.” किल्ली फिरली. टिकटिक सुरू झाली. दिवा पेटलेलाच राहिला, आणि ज्या क्षणी तो विझला त्याच क्षणी टिकटिक थांबली. आम्ही महिनाभर हा आवाज ऐकत होतो. दिव्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांना टेकवून मूठ कानाशी धरली. १८१६ साली लेनेक या फ्रेंच वैद्याने छातीचे ठोके ऐकण्यासाठी कागदाची सुरळी केली, त्यातलाच हा प्रकार. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवा, एवढी ताकीद देऊन त्यांनी आम्हांसही ऐकू दिले.

निदान असे झाले. इंजिन बंद झाले की तेल तळाच्या पात्रात उतरते. परंतु तेल गाळणाऱ्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, ती थोडे तेल वर अडवून ठेवते. आमच्या फिल्टरची झडप कडक होऊन निकामी झाली होती. शिवाय आत तेल होते जाडसर. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले असता विकताना कोणी तरी २०डब्ल्यू-५० भरले असावे, असा त्यांचा तर्क होता. जाड तेलाने झिजलेल्या इंजिनाचा आवाज दबतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. तो जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वर पोहोचते. ते पोहोचेपर्यंत झडपा उघडणारे टॅपेट कोरडे वाजत होते. फिल्टर आणि तेल बदलून, मजुरी धरून, खर्च तीन हजारांच्या आतच राहिला.

आम्ही वहीच काढली. सुरू करताना नुसते ‘टक्’ होऊन सारे शांत झाले तर आधी बॅटरी आणि तिची टोके पाहावीत. ‘चीं’ ऐकू आली तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला. माथ्यातून ‘फट्फट्’ येऊन तापल्यावर थांबली तर धुराड्याच्या जोडातून वायू निसटत असावा. धातू तापून पसरला की फट मिटते. (हा धूर विषारी असतो, बंद खोलीत इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नये.) खालून, पोटातून जड ‘ठक्ठक्’ आली आणि वेग वाढविताच वाढली, तर इंजिन बंद करावे आणि मोटार ओढून न्यावी. तेलाचा दिवा विझतच नसेल तरीही तेच. “काय वाजलं यापेक्षा कधी वाजलं, किती वेळ वाजलं आणि कशानं थांबलं, ते सांगा,” असे ते म्हणाले. आम्ही त्या गॅरेजात नुसते ‘खडखड’ म्हटले होते. पस्तीस हजारांचा तो आकडा काही अंशी आमच्याच शब्दाने काढला होता.

शाळेत येऊन आम्ही ती उत्तरपत्रिका मागवून घेतली, शेरा खोडला आणि कापलेला गुण परत दिला. मुलाने तो पाहिला, पण फारसा आनंद दाखविला नाही. जाता जाता दारात थांबून म्हणाला, “सर, टिकटिक गेली. पण मागून एक चीं येते, ती ऐकली का?”

आम्ही ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काच खाली करून, आईलाही खिडकीत उभी करून, कान दिला. अगदी बारीक, पण चीं होती.