नळाच्या वाटेवरचं शेवटचं घर



आपला गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्या आणि वैनगंगा. पाण्याचा धडा शिकवायला आपल्याला फार लांबची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मुलांना जलचक्र तोंडपाठ येतं, ढग कसे बनतात ते येतं; पण घरच्या तोटीतून पाणी का येतं आणि कधीकधी का येत नाही, हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर. योजना तोटी बसवून देईल. तोटीच्या मागचं शास्त्र मात्र शाळेलाच शिकवावं लागेल. आज त्याबद्दलच बोलूया.

पाणी चढतं कसं, उतरतं कसं?

सातवीच्या मुलांना मी गृहपाठ दिला: घरच्या तोटीपासून उलटं मागे मागे जायचं आणि वाटेत दिसेल ती वस्तू वहीत लिहायची. मुलांनी झकास याद्या आणल्या. तोटी, एल्बो, टी, सॉकेट, निपल, युनियन, गेट व्हॉल्व. एकाने टेफ्लॉन टेपचा तुकडासुद्धा वहीत चिकटवून आणला. घराच्या बाहेर, मुख्य जलवाहिनीतून घराची जोडणी निघते तिथे फेरूल असतं, हे गावातल्या प्लंबरने त्यांना सांगितलं. त्याच्याही मागे गावाचा जलकुंभ, पंप आणि विहीर.

मग प्रश्न आला, जलकुंभ एवढा उंच कशाला? कारण पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकीच्या रुंदीवर नाही. 10 मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो. जलकुंभातलं पाणी तोटीपेक्षा 12 मीटर वर असेल तर दाब सव्वा किलोच्या आसपास. घराच्या छतावरची टाकी तोटीपेक्षा 3 मीटर वर असेल तर फक्त 0.3 किलो. म्हणून छतावर मोठी टाकी ठेवली तरी शॉवरची धार बारीकच राहते. गोंदिया शहराला डांगोरलीहून वैनगंगेचं पाणी येतं. ते पंपाने चढवावं लागतं, पण उंच टाकीतून घरापर्यंत ते स्वतःच्या वजनाने उतरतं.

हा दाब लांब पाइपातून जाताना घासून कमी होतो, आणि वाटेतल्या प्रत्येक घराने तोटी उघडली की आणखी कमी होतो. त्यामुळे ओळीतल्या शेवटच्या घराला नेहमी उरलंसुरलंच मिळतं.

एका मुलीच्या वहीत यादी नव्हती. एकच ओळ होती, "आमच्या नळाले पानी येत नाही, मी बोरिंगवरून आनते." तिचं घर गल्लीच्या टोकाला आहे. तोटी नवी कोरी आहे. सकाळी शाळेआधी ती हातपंपावरून दोन गुंड पाणी आणते, म्हणून परिपाठाला तिला रोज उशीर होतो.

भोक तेच, दिशा उलटी

तिच्या तोटीला पाणी का नाही, याचं उत्तर वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वाटेतल्या काही घरांनी नळाच्या जोडणीला थेट टुल्लू पंप लावले होते. पाणी सुटलं की मोटार सुरू. ती पाइपातलं पाणी ओढून घेते, पुढच्यांना काही उरत नाही. अन्याय मुलांना लगेच समजला. पण यात याहून मोठा धोका आहे, तो मला प्रयोग करून दाखवायचा होता. तुम्हीही करून बघा.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी मीटरभर घ्या. मध्यभागी खिळ्याने एक छोटं भोक पाडा. भोकाचा भाग कपड्यांची नीळ घातलेल्या पाण्याच्या टबात बुडवा. नळीचं वरचं टोक उंच धरून नरसाळ्याने स्वच्छ पाणी ओता. भोकातून पाणी बाहेर जातं, पण नळीतलं पाणी स्वच्छच राहतं. आता वरचं टोक चिमटीत घट्ट दाबा आणि खालच्या टोकाला बिनसुईची मोठी सिरिंज लावून दट्ट्या ओढा. निळं पाणी नळीत शिरतं!

भोक तेच. आतला दाब जास्त असेल तेव्हा पाणी बाहेर गळतं. मोटारीने दाब कमी केला की बाहेरचं आत येतं. आपल्या गल्लीत जलवाहिनी बऱ्याच ठिकाणी नालीला लागून जाते. जोड सैल असेल तर नालीचं पाणी त्याच वाटेने आत जातं. मग ते मोटारवाल्याच्या घरात जातं, शेजाऱ्याच्याही जातं. हगवण, कावीळ अशी दुखणी मोटार कोणाची हे विचारून येत नाहीत.

पालकसभेत

हाच प्रयोग आम्ही पालकसभेत दाखवला. कोणाचंही नाव घेतलं नाही. थोडा वेळ सगळे शांत. मग एक पालक उभे राहिले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण मोटार नाही लावली त आमच्याकडंही पानी चढत नाही. शेजाऱ्यानं लावली, म्हनून मी लावली."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. धानाच्या पाटावरही हेच होतं. वरच्या शेतकऱ्याने जास्त पाणी घेतलं की मधला घाबरून आणखी घेतो आणि टोकाची बांधी सुकते. तलावाच्या पाण्याला पाळी लावतात, ती त्यासाठीच. नळाला पाळी लावता येत नसेल, तरी त्यावर उपाय आहे.

उपाय असा: जमिनीलगत एक टाकं बांधायचं. नळाचं पाणी त्यात स्वतःच्या दाबाने पडू द्यायचं. टाकं भरलं की आपोआप बंद व्हावं म्हणून बॉल कॉक लावायचा. मोटार लावायचीच तर ती या टाक्यावर लावायची, गावाच्या लाइनवर नाही. आणि नळाच्या पाइपाचं तोंड टाक्यातल्या पाण्याच्या नेहमी वर ठेवायचं, म्हणजे टाक्यातलं पाणी उलटं लाइनीत जाणार नाही.

लगेच सगळं गाव बदललं, असं मी सांगणार नाही. दोन घरांनी टाकं बांधलं. काही मोटारी अजूनही चालतात. गल्लीच्या टोकाला आता सकाळी एक गुंड भरेल एवढी धार येते. दुसरा गुंड अजून बोरिंगवरूनच येतो.

घरी मुलांसोबत एवढं करून बघा

1. गळक्या तोटीखाली रात्रभर भांडं ठेवा आणि सकाळी मोजा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरपेक्षा जास्त पाणी जातं. बहुतेक वेळा फक्त वॉशर बदलावा लागतो.

2. नळाला लावलेल्या पाइपाचं तोंड बादलीत बुडवून ठेवू नका. मधेच पुरवठा बंद झाला तर बादलीतलं पाणी लाइनीत ओढलं जाऊ शकतं.

3. घरातला मुख्य व्हॉल्व कुठे आहे ते मुलांना दाखवा. पाइप फुटला तर तो बंद करणं दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व अडकतो, म्हणून अधूनमधून फिरवून बघा.

4. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला शाळेत बोलवा. पाण्यात ओटी द्रावण टाकलं की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. द्रावण मुलांच्या हातात देऊ नका, तपासणी त्यांनाच करू द्या. पहिल्या घराचं आणि शेवटच्या घराचं, असे दोन्ही नमुने तपासायला सांगा. शेवटच्या घरीही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पहिल्या घरी रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, असं झालं तर वाटेत कुठेतरी काहीतरी बिघडलंय हे समजा, आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

आपण नळयोजना पूर्ण झाली की नाही हे जोडण्या मोजून ठरवतो. मुलांना मी वेगळी मोजणी शिकवतो: पाणी सुटल्यावर गल्लीच्या टोकाला जा, घड्याळ लावा, आणि शेवटच्या तोटीखाली एक बादली भरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. तुमच्या गावात हा आकडा किती येतो, ते मुलांनाच मोजून आणू द्या.