पाणी फिरताना

बाणकोटला समुद्राचं पाणी चढू लागलं की त्याची बातमी आमच्याकडे पोचायला चांगले दीड-दोन तास लागतात. सावित्री नदी स्वतःच ती घेऊन येते. दासगावच्या आसपास खाली चाललेलं पाणी आधी मंदावतं, मग थांबतं. त्यावर तरंगणारं एखादं पान जागच्या जागी गिरकी घेतं आणि उलटं, डोंगराच्या दिशेनं निघतं. लहानपणी ते पान पाहून मला वाटायचं, नदी घरी परत चालली, महाबळेश्वरला.

माझं आजोळ पोलादपूरकडचं. तिथली सावित्री म्हणजे वैशाखात गुडघाभर पाणी, गुळगुळीत धोंडे आणि मधूनमधून काळेशार डोह. महाडला येईस्तोवर तिला काळ आणि गांधारी मिळतात, ती रुंदावते, आणि तिथून खाली ती एकटी राहत नाही. दिवसातून दोनदा समुद्र तिला भेटायला वर येतो. शिडाची गलबतं एके काळी दासगावपर्यंत येत, लहान होड्या महाडपर्यंत. घाटावरचा माल इथेच उतरून पाण्याला लागायचा. महाड बंदर होतं, हे आज बाजारपेठेतून फिरताना खरं वाटत नाही, पण भरतीच्या वेळी काठावर उभं राहिलं की लगेच वाटतं.

या फिरत्या पाण्यात जिताडा राहतो. इंग्रजीत ज्याला सी-बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, बंगालात भेटकी, तो हाच. ब्लॉख या जर्मन अभ्यासकानं १७९० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. रायगडात त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पाहुण्याला जिताड्याची तुकडी वाढली की यजमानाला काही बोलावंही लागत नाही.

मला जिताडा शोधायला शिकवलं ते महाडच्या भोईघाटाकडच्या एका काकांनी. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. मी शाळा सुटली की गळ घेऊन नदीवर जायचो आणि मासा न मिळता परत यायचो, हे त्यांनी महिनाभर पाहिलं असावं. एके दिवशी मला हटकलं.

"आज तिथी कोनती?"

"नवमी."

"मग कशाला आलास? भांगाचं पानी हाय. घरी जा न् झोप."

तोवर मी मासा जागेवरून शोधत होतो. जिथे खोल पाणी, तिथे मासा, एवढंच माझं गणित. काकांनी पहिल्यांदा वेळ शोधायला लावली. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत उधाण, अष्टमी-नवमीला भांग. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता किनाऱ्यावर भरती. दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन. पाऊणकीचा पाढा जुन्या माणसांनी शाळेत छड्या खाऊन पाठ केला. काकांना तो पाण्यानं शिकवला होता. किनाऱ्यावरच्या वेळेत पाणी वर चढण्याचा वेळ मिळवायचा, वारा कुठला आहे ते बघायचं, आणि मग होडी काढायची.

भरती चढत असताना ते गळ टाकू द्यायचे नाहीत. चढत्या पाण्याबरोबर बोय, कोळंबी, बारीकसारीक मासळी ओहोळांत आणि खाजणांत शिरते. तिथे तिला चारा असतो. पाणी फिरलं की तीच मासळी परत बाहेर यायला लागते, आणि ओहोळाच्या तोंडाशी, जिथे वाहत्या पाण्याची धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक शिवण दिसते, तिथे संथ बाजूला जिताडा उभा असतो. तो पाठलाग करणारा मासा नाही. दगडाच्या, पुलाच्या खांबाच्या, बुडालेल्या खोडाच्या आडोशाला तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि घास समोर आला की तोंड उघडतो. ते इतक्या झपाट्यानं, की आजूबाजूच्या पाण्यासकट घास आत ओढला जातो. त्याचा आवाज होतो. ओल्या घोंगडीवर तळहात मारावा तसा. एकदा ऐकला की विसरत नाही.

कार्तिक वद्य द्वितीयेची ती पहाट मला अजून दिसते. केंबुर्ली मागे टाकून आम्ही दासगावच्या बाजूला एका ओहोळाच्या तोंडाशी होडी नांगरली होती. चंद्र पश्चिमेकडे कलला होता. साडेतीनच्या सुमाराला पाणी फिरलं. काकांनी डब्यातली जिवंत कोळंबी शेपटीपाशी गरीत ओवली, तिला कमीत कमी दुखापत होईल अशी, कारण ती हातपाय मारत राहिली पाहिजे. तंगुसाचं शेवटचं वावभर टोक दुप्पट जाड होतं. का, ते मला नंतर कळलं. बॅटरी एकदाच, डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ, पाण्यावरून फिरली. दूर चिखलाच्या काठाशी दोन ठिणग्या दिसल्या; ती मगर. सावित्रीत मगरी आहेत, आणि महाडकरांनी त्या दुपारी काठावर ऊन खात पडलेल्या पाहिलेल्या असतात. मग ओहोळाच्या तोंडाशी, पाण्याच्या पृष्ठभागाखाली, एकच तांबूस निखारा चमकला आणि विझला.

"हाय," काका म्हणाले.

तंगूस माझ्या तर्जनीवर होता. कोळंबीची धडपड बोटाला कळत होती, बारीक, दाण्यादाण्यानं. अचानक ती थांबली. काहीच नाही. आणि मग बोटाला जी ओढ बसली ती खाली नव्हती, आडवी होती, पाण्यातल्या एका खांबाकडे. काका ओरडले नाहीत, फक्त माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "तिकडं जाऊ देऊ नको." मासा पाण्याबाहेर आला, पुरा बाहेर, आणि हवेत त्यानं डोकं दोन्ही बाजूंना झटकलं. चंद्रप्रकाशात तो चांदीचा नव्हता, शिशाचा वाटला.

होडीत आल्यावर काकांनी त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला. मी बिचकलो. "दात न्हाईत," ते म्हणाले, "हात लाव." दात असतात, पण सुईसारखे नव्हेत, लाकूड घासायच्या कानशीवर बोट फिरवावं तसं बारीक खरखरीत लागतं. धोका वेगळ्याच ठिकाणी. कल्ल्याच्या झाकणाची कड. ती वस्तऱ्यासारखी असते, आणि डोकं झटकताना तंगूस त्या कडेवर आला की बारीक तंगूस कापला जातो. जाड टोक त्यासाठी होतं. काकांच्या अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा, जुना व्रण आहे. तो मी अनेकदा पाहिला होता. विचारला त्या पहाटे.

जिताड्याबद्दल पुढे पुस्तकांतून वाचलं, तेव्हा काकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला मिळाली. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, पुरेसा मोठा झाला की, त्याच देहात मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही बहुधा आई. अंडी घालायला ती पावसाळ्यात खाली, खाडीच्या तोंडाशी जाते, कारण गोड्या पाण्यात तिची अंडी जगत नाहीत. पिल्लं पुन्हा वर येतात, खाजणात, ओहोळात, गोड्या पाण्याच्या कुशीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये टिनारू नावाचं मोठं धरणाचं तळं आहे. तिथे जिताडा चाळीस किलोंच्याही वर वाढतो आणि तो पकडायला लांबून लोक येतात. पण त्या एवढ्या पाण्यात एकही पिल्लू जन्माला येत नाही. सगळी बाहेरून आणून सोडावी लागतात. आपल्या पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यांतून जिताडे पोसतात, त्यांचंही तेच. बीज खाडीचंच लागायचं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेनं १९९७ मध्ये बंदिस्त जागेत त्याचं प्रजनन साधलं, ही मोठी गोष्ट झाली, कारण तोवर आपल्याकडच्या तळ्यांची सगळी भिस्त खाडीवरच होती. तळं मासा वाढवू शकतं, त्याला जन्म द्यायला वाट लागते: समुद्रापासून डोंगरापर्यंतची, मोकळी आणि जिवंत.

मी हे काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत. दोन वर्षांनी एक जिताडा होडीला लागला, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा. बाजारात त्याचे पैसे चांगले आले असते आणि काकांना त्या वर्षी पैशांची गरज होती. त्यांनी त्याला पाण्यातच धरून ठेवलं.

"ही बाई झाली असंल का रं?"

"झाली असेल."

त्यांनी गरी वाकवून काढली. हात सोडला तरी मासा काही क्षण होडीच्या सावलीतच राहिला, कल्ले उघडत, मिटत. मग गेला.

वाळणच्या कोंडीत, काळ नदीवर, वरदायिनीच्या छायेत महसीर आहेत. त्यांना कुणी पकडत नाही; लोक कुरमुरे टाकतात आणि मासे हाताच्या अंतरावर येतात. तिथे मी डोकं टेकवतो. पण जिताड्याला देवीची राखण नाही. त्याला जी काही राखण मिळेल ती माणसाच्या शहाणपणातून, आणि त्या शहाणपणावर सध्या माझा फार भरवसा नाही. नदीत सांडपाणी उतरतं; मेलेली मासळी काठाला लागलेली मी पाहिली आहे, आणि त्या वासात उभं राहून मला रडू आलं आहे.

२२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. त्या पावसाळ्यात नदीवर जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे नदीतला गाळ उपसायचं काम निघालं. ते हवंच होतं. ज्यांनी घरात पाणी पाहिलं त्यांना हे समजावून सांगायला नको. पण नदीचा तळ बदलला. काकांना तोंडपाठ असलेल्या कोंडी भरल्या, नव्या पडल्या. आडोसे गेले. ज्या ओहोळाच्या तोंडाशी मी पहिला जिताडा धरला, तिथली शिवण आता दहा-बारा वाव खाली सरकली आहे.

गेल्या कार्तिकात आम्ही पुन्हा होडी काढली. काकांना आता रात्रीचं नीट दिसत नाही. गळ न लावता नुसतं शिसं बांधून त्यांनी दोर माझ्या हाती दिला आणि स्वतः टोकाला बसून राहिले. मी सोडत गेलो, शिसं तळाला टेकलं की सांगत गेलो. दोन वाव, चिखल. अडीच, चिखल. पुढे सरकलो. साडेतीन, आणि टक्क असा दगडाचा ठोका दोरातून बोटाला आला. काकांनी मान वर केली.

"पुन्हा टाक. थोडं डावीकडं."

मी टाकलं. पाणी फिरत होतं.