फिरत्या घराची वीज

घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती पडत्या काळाविषयीं आहे हें खरें. पण आमच्या कुटुंबांत गेलीं चार वर्षें ती अक्षरशः अनुभवास येत आहे. माझ्या पुतण्यानें एक जुनी प्रवासी मोटार विकत घेतली, आंतील आसनें काढून टाकलीं आणि त्या जागीं चार बिछाने, एक ओटा, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज व छपरावर सोलर पॅनेल अशी मांडामांड केली. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां अशा गाड्यांची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. आम्हां मावळवासीयांस मात्र ही कल्पना मुळींच नवी नव्हे. आमच्या शिरगांवाहून देहू फार दूर नाहीं, आणि आषाढी वारीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचे ट्रक ज्यानें पाहिले आहेत त्याला संसार चाकांवर कसा मांडावा हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

अशा गाडींतील विजेची रचना वाचकांस थोडक्यांत सांगितली पाहिजे. नाहींतर पुढील हकीकत समजणार नाहीं. गाडींत बॅटऱ्या दोन. एक एंजिन सुरू करण्याची, दुसरी घरासाठीं, म्हणजे दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रीज यांसाठीं. एंजिन चालू असलें म्हणजे एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो व अल्टरनेटर दोहोंस भरतो. एंजिन थांबलें कीं रिले त्यांना वेगळें करतो, म्हणजे रात्रभर पंखा फिरला तरी सकाळीं गाडी सुरू होण्यास अडचण पडत नाहीं. विभक्त चुली असूनही घर एक, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक उपकरणाकडे बॅटरीच्या धन टोकापासून एक वायर जाते. परतीची वाट मात्र बहुधा गाडीच्या लोखंडी चॅसीवरूनच असते. तीस मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. पुढें जें घडलें तें सर्व या परतीच्या वाटेवर घडलें.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही सात माणसें नरसोबाच्या वाडीस निघालों होतों. वाटेंत कऱ्हाडास मुक्काम झाला. आमच्या थोरल्या वहिनींस मधुमेह आहे. त्यांच्या इन्सुलिनच्या कुप्या फ्रीजमध्यें होत्या. पहाटे पाहतों तों फ्रीज केव्हांच बंद पडलेला आणि कुप्या कोमट झालेल्या. दोन अंशांपासून आठ अंशांपर्यंतच्या थंडाव्यांत ठेवावयाचें तें औषध. तें आतां चालेल कीं नाहीं हें डॉक्टरांस विचारावें लागलें आणि त्यांच्या सांगण्यावरून नवें घ्यावें लागलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु पुढच्या मुक्कामाची गोष्ट निघाली तेव्हां, “भाऊजी, मी घरींच राहतें, तुम्ही सगळीं जाऊन या,” असें त्या शांतपणें म्हणाल्या. त्या एका वाक्यानें पुतण्याचें तोंड उतरलें. त्यानें ती गाडी घेतली होती ती मुख्यतः वहिनींस धर्मशाळेचे जिने चढावे लागूं नयेत म्हणून.

लक्षणें अशीं होतीं: दिवसा सर्व ठीक, रात्रीं फ्रीज बंद. पंप लावला कीं दिवे मंदावत. एंजिन सुरू केलें कीं दिवे पुन्हा लख्ख. एका मिस्त्रीनें पाहतांक्षणीं निदान केलें, “बॅटरी गेली, मास्तर.” नवी बॅटरी घातली. आठवडाभर बरें चाललें आणि पुन्हा तेंच. दुसऱ्यानेंही “बॅटरीच खराब लागली” असें सांगितलें तेव्हां मीं पुतण्यास म्हटलें, “आतां खिशांत हात घालूं नकोस. आधीं अनुमान नीट करूं.”

मी मॅट्रिक झालेला संस्कृतचा मास्तर. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. पण अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह मीं लहानपणीं गुरुजींपाशीं घोकला होता, आणि दोष शोधण्याचें शास्त्र त्यांत बरेंचसें आलेलें आहे असें माझें मत आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें कोणी म्हटलें, तर त्यास तापून लाल झालेला लोखंडी गोळा दाखवितात. तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. असा हेतु सव्यभिचार ठरतो. दिवे मंद झाले म्हणून बॅटरी दुबळी, हें अनुमान त्याच जातीचें. दुबळ्या बॅटरीनें दिवे मंद होतात हें खरें. पण वाटेंतच कोठें दाब खर्ची पडत असेल तरीही ते मंदच होतात. लक्षण दोहोंकडे सारखें. शिवाय बॅटरी बदलली तरी दोष कायम राहिला. म्हणजे व्यतिरेकानेंही ती सुटली. आतां हवें होतें तें दोन कारणांत भेद करणारें लक्षण.

त्यासाठीं तळेगांवच्या बाजारांतून मल्टीमीटर आणला. कांहीं शें रुपयांत मिळणारी ही वस्तु प्रत्येक घरीं असावी. शिशाच्या बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असतात, प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक. पूर्ण भरलेली बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेविल्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे निम्मी समजावी. बाराच्या खालीं गेली तर ती रिकामी होत आली. आमची १२.६ दाखवीत होती. पुतण्यानें फ्रीजच्या टोकांशीं मीटर लावला, तेथेंही १२.६. “काका, सगळें बरोबर आहे कीं!” तो म्हणाला. पण फ्रीज तेव्हां बंद होता. जेथें प्रवाह वाहत नाहीं तेथें वाटेंतला अडथळा आपणांस दिसणार कसा? ओसाड रस्त्यावर गर्दी मोजण्यासारखेंच तें. ओम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं मांडलेला नियमच हा आहे: अडथळ्यांत खर्ची पडणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले अडथळा. प्रवाह शून्य, तर खर्चही शून्य.

मग फ्रीज चालू करून पुन्हा मोजलें. बॅटरीपाशीं १२.४, फ्रीजपाशीं १०.९. दीड व्होल्ट वाटेंत नाहींसा होत होता! येथें बॅटरी निर्दोष ठरली. आतां तो जातांना नाहींसा होतो कीं येतांना? मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी फ्रीजच्या धन टोकावर ठेविली: ०.२. तसेंच ऋण टोकांवर ठेविलें: १.३. बेरीज बरोबर जुळली. चोर परतीच्या वाटेवर होता. बॅटरीच्या ऋण टोकापासून सुई पुढें सरकवीत चॅसीच्या उघड्या लोखंडापर्यंत नेली, तोंच १.२. म्हणजे जेथें बॅटरीची जाड वायर चॅसीस बोल्टनें कसलेली आहे, तेवढ्या वीतभर जागेंतच सारें नुकसान होतें. पुतण्या मागच्या चाकाजवळ उताणा शिरला आणि बोल्टला हात लावून ओरडला, “काका, हा तर गरम लागतो!” फ्रीज पांच अँपिअर घेत होता, त्या हिशेबानें सहा वॉट उष्णता त्या गंजलेल्या बोल्टांत जिरत होती.

आतां सर्व लक्षणांचा उलगडा झाला. पंपाचा प्रवाहही त्याच बोल्टवरून परते, म्हणून तो लावतांच तूट वाढे व दिवे मंदावत. एंजिन चालू असतां अल्टरनेटर दाब चौदा व्होल्टांपर्यंत चढवी, दिवसा सोलर पॅनेल तो वर ठेवी. त्यामुळें तूट झांकली जाई. रात्रीं बॅटरी थोडी उतरली कीं फ्रीजपाशीं पोंचणारा दाब त्याच्या मर्यादेखालीं जाई व तो आपण होऊन थांबे. त्यालाही बॅटरी रिकामी झाली असेंच वाटे! मिस्त्रीची आणि त्याची समजूत एकच.

हा गंज आला कोठून हें मावळांत कोणी विचारूं नये. आमच्या घाटमाथ्यावर वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील तलावांत तोच सांठवून, नळांवाटे घाटाखालीं सोडून, १९१५ सालीं टाटांनीं खोपोलीस वीज निर्माण केली व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. ज्या पावसानें मुंबईस वीज दिली त्यानेंच आमच्या गाडीची अडविली, इतकेंच. शिवाय मूळ काम करणाऱ्यानें रंग न खरवडतां रंगावरच बोल्ट कसला होता. लोखंड पॉलिश पेपरनें उजळेपर्यंत घासलें, नवा लग व नवें वॉशर घातलें, घट्ट आवळून वरून ग्रीस चोपडलें. तूट ०.३ वर आली. एक तास लागला. सामानास शंभर रुपयेही लागले नाहींत.

परंतु खरा घाम फुटला तो पुढें. इतकें झालें तर फ्यूजची पेटीही पाहूं, म्हणून ती उघडली. मागच्या दिव्यांच्या फ्यूजच्या जागीं कोणीतरी तांब्याच्या तारेचा जाड वेटोळा खुपसून ठेविला होता. प्रवासांत कोठेंतरी “सध्यां काम भागवतों” म्हणून केलेली ती कारागिरी. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठीं असतो असें बहुतेकांस वाटतें. तो असतो मुख्यतः वायरच्या रक्षणासाठीं. बारा व्होल्टांनीं माणसास झटका बसत नाहीं हें खरें, पण मोठी बॅटरी आडव्या जोडणींत शेंकडों अँपिअर ओतूं शकते, आणि मग वायर चुलींतल्या निखाऱ्यासारखी लाल होते. आणि ती वायर जात होती मुलांच्या बिछान्याखालून. दोन्ही नातवंडें त्यावर दोन वर्षें निजत आलीं होतीं. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं देवापुढें साखर ठेविली, आणि मीही त्यांस त्या दिवशीं कांहीं म्हटलें नाहीं.

मूळचा फ्यूज जळला कां, हें शोधल्याविना नवा घालणें व्यर्थ होतें. त्यासाठीं मिस्त्री लोकांची एक जुनी युक्ति फार चांगली आहे. त्या फाट्यावरचे सर्व दिवे बंद करावे आणि फ्यूजच्या जागीं एकवीस वॉटचा मोटारचा दिवा जोडावा. वायर कोठें लोखंडास चिकटली तर दिवा पेटतो, पण दोन अँपिअरहून अधिक प्रवाह तो जाऊं देत नाहीं. म्हणून धोका नाहीं. मी दिव्याकडे पाहत बसलों व पुतण्या वायर हलवीत मागें सरकत गेला. बिछान्याची फळी दाबतांच दिवा पेटला. पत्र्याच्या भोंकांतून वायर गेली होती. भोंकास रबरी कडें नव्हतें. धारेनें वरचें आवरण कापलें गेलें होतें. मूल कुशीवर वळलें कीं वायर पत्र्यास लागे.

गृहिणींसाठीं दोनचार गोष्टी सांगतों. बॅटरीला हात लावण्यापूर्वीं अंगठ्या-बांगड्या काढाव्या. सोडतांना ऋण वायर आधीं सोडावी व जोडतांना शेवटीं जोडावी, म्हणजे पाना चॅसीस लागला तरी ठिणगी उडणार नाहीं. भरतांना शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. आमच्या वहिनी तिच्याच खणावर सांजवात लावीत, ती जागा आतां बदलली आहे. आणि बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची वीज हें काम परवानाधारक वायरमनचेंच. तेथें माझा तर्कसंग्रह मीं मिटून ठेवितों.

मार्गशीर्षांत आम्ही वाडीस जाऊन आलों; वहिनी आल्या. दोन रात्री फ्रीज अखंड चालला. पुतण्याच्या मनांत सध्यां लिथियमची बॅटरी घेण्याचें आहे. ती हलकी व दीर्घायुषी असते हें मला मान्य. पण तिचा दाब भरलेली असतां व बरीच उतरली असतां जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळें मीटर लावून पोटांत किती शिल्लक आहे हें कळत नाहीं, आणि जुना रिले व चार्जरही बदलावे लागतील असें माझें म्हणणें. वाद अद्याप चालू आहे, आणि वहिनी या वेळीं त्याच्या बाजूस आहेत.